जिव्हाळा आणि जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या भाषेंत पैशाविषयींच्या म्हणी पुष्कळ आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, थेंबें थेंबें तळें सांचे, ऋण काढून सण करूं नये, या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों आणि त्या खऱ्याही आहेत. मात्र बारकाईनें पाहिलें म्हणजे असें ध्यानांत येतें कीं, त्या बहुतेक एकट्या माणसाला उद्देशून आहेत. अंथरूण त्याचें, पाय त्याचे आणि तळेंही त्याचेंच. संसारांत अंथरूण एकट्याचें कधींच नसतें. त्यावर बायको-मुलें असतात, आई-वडील असतात, अडीअडचणीला धांवून येणारा भाऊ असतो आणि अडचणींत सांपडून आपल्याकडे धांवत येणारा मेहुणाही असतो. कोणाचे पाय कोठवर पसरले आहेत हें अंधारांत कळत नाहीं, आणि कळतें तेव्हां बहुधा पांघरूण फाटलेलें असतें.

मीं आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलें. शाळेंतल्या गणितांत राम शामला व्याजानें रुपये देतो, शाम ते मुदतीवर फेडतो, आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सांपडतें. शाळेबाहेरचें गणित निराळें असतें. तेथें राम आणि शाम मावसभाऊ असतात, मुदत ठरलेली नसते, व्याजाचा शब्द काढणें अपमानाचें वाटतें, आणि उत्तर तर कोणत्याच पुस्तकांत नसतें. ज्या ज्या घरांत पैशापायीं बोलणें तुटलेलें मीं पाहिलें, तेथें लबाड माणसें क्वचितच आढळलीं. कोणी कांहीं स्पष्ट बोललें नव्हतें आणि कोणी कांहीं लिहून ठेवलें नव्हतें, एवढेंच. हिशेब ठेवला कीं प्रेम आटतें अशी आपली समजूत आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. आपल्या माणसांतला व्यवहार आधीं बोलावा, आणि बोललेला लिहून ठेवावा. म्हणजे पैसाही टिकतो आणि माणूसही टिकतें.

आरंभ घरापासूनच करूं. पूर्वीं व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन मुख्य वह्या असत. रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार घडेल तसा मांडावयाचा, आणि खतावणींत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा. घराला एवढा खटाटोप नको. पण त्यामागची कल्पना घेण्यासारखी आहे. पैसा केव्हां गेला हें पहिली वही सांगते आणि कशापायीं गेला हें दुसरी सांगते. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आतां बँकेचें खातेंच देतें. २०१६ सालीं यूपीआयची सोय सुरू झाली, आणि भाजीवालीचे वीस रुपयेही मोबाइलवरून जाऊं लागले. नोंद आपोआप राहते हें खरें. परंतु नोट मोडतांना हाताला जें जाणवत असे तें आतां जाणवत नाहीं, आणि राहिलेली नोंद कोणी वाचीत नाहीं. म्हणून महिनाअखेर एक संध्याकाळ काढावी, पति-पत्नींनीं शेजारीं बसावें, आणि ती यादी तीन खात्यांत वांटावी.

पहिलें खातें ठराविक खर्चाचें: घरभाडें किंवा घराच्या कर्जाचा हप्ता, वीज, गृहसंस्थेचा आकार, कामवाल्या बाईंचा पगार. दुसरें खातें रोजच्या खर्चाचें: दूध, किराणा, भाजी, जाणें-येणें, औषधपाणी. तिसरें खातें सालाच्या खर्चाचें, आणि बहुतेक घरांची नाव याच खडकावर आपटते. मुलांची फी, विम्याचा हप्ता, दिवाळी आणि घरपट्टी हे खर्च अचानक आले असें आपण म्हणतों. वास्तविक ते दर वर्षीं ठरलेल्या वेळीं येतात. समजा, एका घरांत फीचे ३६,०००, विम्याचे २४,०००, दिवाळीचे १८,००० आणि घरपट्टीचे ६,००० रुपये लागतात. बेरीज ८४,००० झाली. तिला बारांनीं भागलें तर महिन्याला ७,००० रुपये येतात. हे सात हजार पगार होतांच निराळ्या खात्यांत टाकले, तर जून महिना आणि दिवाळी यांचें भय उरत नाहीं. न टाकले, तर ते दर महिन्यास 'शिल्लक' म्हणून दिसतात आणि शिल्लक समजूनच खर्च होतात. याखेरीज तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आजारपणासाठीं किंवा नोकरींतील खंडासाठीं हाताशीं असावी, हें आपणांस ठाऊक आहेच. त्याचा विस्तार करीत नाहीं.

आतां दोघेही मिळविणारे असतील तर कोणीं किती घालावें? निम्मे-निम्मे हा वांटा वरवर न्याय्य दिसतो, पण मिळकत सारखी नसेल तर तो तसा राहत नाहीं. एकाची मिळकत ६०,००० आणि दुसऱ्याची ४०,००० असेल, आणि घराचा खर्च ५०,००० असेल, तर एकानें ३०,००० आणि दुसऱ्यानें २०,००० घालावे. म्हणजे दोघांच्याही मिळकतीचा निम्मा भाग घरांत पडला. ज्या घरांत एकच मिळवितो आणि दुसरी व्यक्ति घर चालविते, तेथें घर चालविणें हीसुद्धां वर्गणीच आहे हें मनांत पक्कें असावें. आणखी एक लहानशी सूचना. दोघांनाही थोडी रक्कम अशी असावी कीं जिचा हिशेब कोणी कोणाला विचारूं नये. मुलीला गुपचूप घेऊन दिलेली वस्तु, मित्राला पाजलेला चहा, माहेरीं जातांना नेलेली मिठाई, या गोष्टी वहींत शोधूं लागलों तर वही ही चौकी होते, आणि मग माणसें खोटें लिहावयास शिकतात. हिशेब चोख राहावा म्हणूनच त्यांत थोडी जागा बिनहिशेबी ठेवावी लागते. मात्र गांवीं आई-वडिलांना पाठविलेले पैसे आणि माहेरीं दिलेले पैसे हे दोन्ही एकाच वहींत आणि एकाच शाईनें लिहिलेले असावेत. लपवून केलेलें सत्कर्मही उघडकीस आलें म्हणजे अपराधासारखें दिसतें.

आतां हातउसन्याकडे वळूं. मित्र किंवा नातेवाईक पैसे मागावयास येतो तेव्हां आपण बहुधा दोनच उत्तरें जाणतों. एक 'घेऊन जा' आणि दुसरें 'पाहूं'. यांपैकीं 'पाहूं' हें अधिक वाईट. मागणारा त्या एका शब्दावर आठ दिवस काढतो, दुसरीकडे जात नाहीं, आणि शेवटीं नकार मिळाला म्हणजे त्याचे पैसेही हुकतात आणि दिवसही. नाहीं म्हणावयाचें तर तें पहिल्याच दिवशीं, समोर बसून, कारण सांगून म्हणावें. घरचें तिसरें खातें लिहिलेलें असलें तर कारण शोधावें लागत नाहीं. 'जूनमध्यें मुलांची फी आहे. ती बाजूला काढली तर माझ्याकडे दहा हजार उरतात' हें वाक्य खरें असतें, आणि ऐकणाऱ्यालाही तें खरें वाटतें. चाळीस हजार मागणाऱ्याला कधीं कधीं पांच हजार रुपये 'हे परत देऊं नकोस' असें म्हणून देणें, हें उभयतांच्या हिताचें होतें. त्यानें त्याची गरज थोडी भागते, आपल्याला झेपतें, आणि मध्यें कर्जाची भिंत उभी राहत नाहीं.

द्यावयाचेंच ठरलें तर स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ही रक्कम परत आली नाहीं तर माझें घर अडेल काय? अडणार असेल तर तेवढी देऊं नये. ती केव्हां आणि कशी परत यावयाची हें ठरलें आहे काय? 'सवडीनें दे' हे शब्द उदार वाटतात, पण सवड ही कोणालाच कधीं मिळत नसते. आणि तिसरा प्रश्न, ही गोष्ट माझ्या घरांत आणि त्याच्या घरांत ठाऊक आहे काय? दोन घरांतून लपविलेलें कर्ज हें दोन्ही घरांत एकाच दिवशीं फुटतें.

हें झालें कीं एक चिठी लिहावी. तिला वकिलाची भाषा लागत नाहीं. 'आज १० जून रोजीं तुमच्याकडून ४०,००० रुपये बँकेमार्फत उसने घेतले. ते ऑगस्टपासून दरमहा ५,००० प्रमाणें आठ महिन्यांत फेडीन. व्याज ठरलेलें नाहीं.' त्याखालीं सही आणि सालासह तारीख. एक प्रत त्याच्याकडे, एक आपल्याकडे. रक्कम बँकेंतूनच द्यावी. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीनें घेण्यास आयकराच्या कायद्यानें, कांहीं अपवाद सोडल्यास, मनाईच आहे. आणि नातेवाईक म्हणून त्यांतून सुटका होत नाहीं. १९६३ सालच्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें असें उसनें वसूल करण्याचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें सहीनिशीं लेखी कबुली दिली, तर कबुलीच्या दिवसापासून मुदत पुन्हां मोजतात.

कायद्याची ही माहिती मी देतों ती भावाला कोर्टांत खेंचण्यासाठीं नव्हे. चिठीचा खरा उपयोग कोर्टापर्यंत जाऊं न देण्यांत आहे. मनुष्याच्या स्मरणाचा स्वभावच असा आहे कीं, देणाऱ्याच्या मनांत रक्कम हळूहळू वाढते आणि घेणाऱ्याच्या मनांत ती हळूहळू घटते. दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांनाही समोरचा अप्रामाणिक वाटतो. कागदाला मात्र राग-लोभ नसतो. तो पहिल्या दिवशीं जें सांगतो तेंच शेवटच्या दिवशीं सांगतो.

याविषयीं आपल्या स्त्रियांची भिशी पाहावी. बारा जणी दरमहा दोन-दोन हजार काढतात आणि चोवीस हजार एकीला मिळतात. पहिल्या महिन्याला उचलणारी ही खरोखर कर्जदार असते, आणि शेवटीं उचलणारी ही बिनव्याजी सावकार असते. भिशीमागें कायद्याचा मोठासा आधार नसतो, तरी कित्येक भिशा वर्षानुवर्षें सुरळीत चालतात. त्यांत रक्कम, तारीख आणि पाळी या तिन्ही गोष्टी सर्वांच्या समोर, मोठ्यानें बोलून ठरलेल्या असतात. ज्या दिवशीं एखादी 'माझे पुढच्या महिन्यांत घ्या' असें एकीच्याच कानांत सांगते, त्या दिवसापासून ती भिशी मोडावयास लागते. म्हणूनच माहितीच्या माणसांच्या पलीकडे ती वाढवूं नये.

घरांतलें आणखी एक उसनें असतें, तें आपण उसनें मानीतच नाहीं. तें म्हणजे पत्नीचे दागिने. धंद्यासाठीं किंवा आजारपणासाठीं ते गहाण पडतात, आणि सुटल्यावर किंवा न सुटल्यावर त्यांची चर्चा बंद होते. स्त्रीधन हें स्त्रीचें स्वतःचें आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं स्पष्ट केलें. आणि २०२४ सालीं पुन्हां असें म्हटलें कीं, अडचणीच्या वेळीं पतीनें तें वापरलें तरी परत करण्याचें नैतिक कर्तव्य त्याच्यावर राहतेंच. तेव्हां बायकोच्या बांगड्या गहाण टाकतांनाही वहींत एक ओळ लिहावी: किती वजन, कोणती तारीख, केव्हां सोडवावयाच्या. तिला त्या ओळीचें समाधान पुष्कळ असतें.

यानंतर जामिनकीचा विषय येतो, आणि येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. मी नोकरींत असतांना आमच्या एका सहकाऱ्यानें मुलीच्या लग्नासाठीं कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेंतून कर्ज काढलें. मधल्या सुटींत तो कागद घेऊन आला, आणि मीं उभ्या उभ्या जामीन म्हणून सही केली. मीं तो कागद वाचला नाहीं. मित्राचा कागद वाचणें मला शोभणार नाहीं असें वाटलें. पुढें तो दीर्घकाळ आजारी पडला, पगार थांबला, हप्तेही थांबले. आणि एके महिन्यांत माझ्या पगारांतून ४,००० रुपये कापून आले. असें बावीस महिने चाललें. एकूण ८८,००० रुपये गेले. माझ्या पत्नीला ही गोष्ट माझ्या तोंडून कळली नाहीं. ती पगाराच्या चिठीवरून कळली. पैसे गेल्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाहीं. 'सही करतांना मी आठवलें नाहीं का?' एवढेंच तिनें विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर मला आजतागायत सुचलेलें नाहीं.

जामिनकीचा कायदा १८७२ सालच्या करारविषयक कायद्यांत सांगितला आहे, आणि तो कडक आहे. करारांत निराळें ठरलें नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधीं त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असें म्हणण्याचा हक्क जामिनास सामान्यतः नाहीं. जामिनानें भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याला आहे. परंतु ज्याच्याकडे बँकेला देण्यास कांहीं उरलें नाहीं, त्याच्याकडे जामिनाला देण्यास तरी काय उरणार? म्हणून जामीन राहणें म्हणजे तेवढें कर्ज स्वतःच काढणें, असें समजून सही करावी. तेवढा हप्ता आपल्या पहिल्या खात्यांत लिहून पाहावा. बसत असेल तर सही करावी, आणि तीसुद्धां घरीं सांगून.

कागद न वाचतां सही-आंगठा करण्याची खोड आपल्याकडे जुनीच आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख विशेषेंकरून कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घेऊन त्यांनीं जाळले. ज्या कागदांवर त्यांचे आंगठे होते, त्यांत काय लिहिलें आहे हें कित्येकांना वाचतां येत नव्हतें. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत फेडीची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोला देण्यांत आला. पावतीचें मोल त्या शेतकऱ्यांना एवढ्या हालअपेष्टांनंतर मिळालें. आपल्याला वाचतां येतें, आणि आपण न वाचतां सही करतों. मग त्यांच्यापेक्षां आपला दोष मोठा नव्हे काय?

माझ्या त्या सहकाऱ्याची गोष्ट अजून संपलेली नाहीं. पैसे कापले जाऊं लागल्यावर मीं त्याला एका शब्दानें विचारलें नाहीं. आजारी माणसाला काय विचारावयाचें, असें मी म्हणे, आणि स्वतःला मोठ्या मनाचा समजे. तो बरा झाला, पण रस्त्यांत दिसला कीं पलीकडच्या कडेनें जाई, आणि मीही पाहून न पाहिल्यासारखें करीं. अशीं सहा वर्षें गेलीं. एका निरोप-समारंभांत योगायोगानें आम्ही शेजारीं बसलों. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही एकदां विचारलें असतें तर बरें झालें असतें. तुम्ही विचारलें नाहींत, म्हणून मला वाटलें तुम्ही मला मनांतून काढून टाकलेंत." मी ज्याला मोठेपणा समजत होतों, तो त्याला तिरस्कार वाटत होता. पुढच्या महिन्यापासून त्यानें हजार रुपये आणून देण्यास सुरुवात केली. ते आणावयास तो स्वतः येतो, चहा घेतो, आणि आम्ही दोघे एका वहींत तारीख टाकतों. अठ्ठ्याऐंशीं हजार पुरे होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल. माझी घाई नाहीं. त्या वहीमुळें माझा मित्र दर महिन्याला घरीं येतो, एवढें व्याज मला पुरेसें आहे.

आतां ठेवींविषयीं थोडें. पैसे कोठें ठेवावे याचा सल्लाही आपण बहुधा नात्यांतूनच घेतों. ओळखीचे गृहस्थ अध्यक्ष आहेत म्हणून पतसंस्थेंत ठेव, साडू सांगतो म्हणून योजनेंत पैसे, असें चालतें. येथें एक भेद पक्का लक्षांत ठेवावा. १९६२ सालापासून आपल्या देशांत बँकेंतील ठेवींना विमा आहे, आणि २०२० सालीं त्याची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये झाली. ही मर्यादा एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवी मिळून आहे. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. परंतु सहकारी पतसंस्थांना तो लागू नाहीं. 'बँक' आणि 'पतसंस्था' हे शब्द बोलतांना आपण एकच समजतों. बुडीत निघाल्यावर त्यांतला फरक कळतो. पतसंस्था वाईट असा माझा मुळींच अर्थ नाहीं. माझ्यासारख्या पगारदारांचे संसार त्यांनीं सावरले आहेत. पण शेंकडा दोन-तीन अधिक व्याज मिळतें तेव्हां तें कशाबद्दल मिळतें, हें अध्यक्षांच्या ओळखीपेक्षां अधिक महत्त्वाचें आहे.

व्याजाचा वेग मोजण्याची एक सोपी रीत मी मुलांना शिकवीत असें. ७२ ला व्याजाच्या दरानें भागावें, म्हणजे रक्कम चक्रवाढीनें साधारण किती काळांत दुप्पट होते तें कळतें. वर्षाला शेंकडा ८ नें ठेव नऊ वर्षांत दुप्पट होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला शेंकडा ३ नें चढत असेल, तर ती चोवीस महिन्यांत दुप्पट होते. एका हातानें नऊ वर्षांत दुप्पट होणारी ठेव सांभाळावयाची, आणि दुसऱ्या हातानें दोन वर्षांत दुप्पट होणारें देणें वाढूं द्यावयाचें, हा व्यवहार सुशिक्षित घरांतही चालतो. अशा वेळीं ठेव मोडून देणें फेडावें. त्यांत कमीपणा नाहीं.

शेवटीं एका अप्रिय विषयाला हात घालतों. आपल्या पश्चात् काय, हें घरांत बोलणें अशुभ मानतात. परिणाम असा होतो कीं, कर्ता पुरुष गेल्यावर तेराव्या दिवसाच्या आधींच पत्नीला कपाटें धुंडाळावीं लागतात. कोणत्या बँकेंत खातें, विमा कोठें, कोणाचें देणें, कोणाकडून येणें, मोबाइलची कळ कोणती, यांतलें तिला कांहींच ठाऊक नसतें. या सर्वांची यादी एका पानावर मावते. तें पान लिहून घरांतील दोघांना दाखवून ठेवावें, आणि दर वर्षीं पाडव्याला नवें करावें.

नामनिर्देशनाविषयींही मोठा गैरसमज आहे. ज्याचें नांव 'नॉमिनी' म्हणून लिहिलें तो मालक झाला, असें लोक समजतात. शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्या बाबतींत, नामनिर्देशनामुळें वारसांचा हक्क जात नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला. बँकेच्या ठेवींतही नामनिर्देशित व्यक्ति मुख्यतः रक्कम स्वीकारणारी असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीसाठीं चार जणांपर्यंत नांवें देतां येतात, ही सोय चांगली. पण मालमत्ता कोणाला जावी हें ठरविण्यासाठीं मृत्युपत्रच हवें. तें साध्या कागदावर चालतें, त्याला मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीही सक्तीची नाहीं. आपण दोन साक्षीदारांच्या देखत सही करावयाची आणि त्यांनीं आपल्या देखत सही करावयाची. ज्यांना कांहीं मिळावयाचें आहे त्यांना साक्षीदार करूं नये, म्हणजे शंकेस जागा राहत नाहीं. तसेंच, विवाहित पुरुषानें १८७४ सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखालीं पत्नी-मुलांच्या नांवें आयुर्विमा उतरला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीं विश्वस्त ठेव ठरते, आणि त्याच्या धनकोंना सामान्यतः तिला हात लावतां येत नाहीं. ज्याचा धंदा आहे, किंवा जो माझ्याप्रमाणें कोणाला जामीन राहिला आहे, त्यानें विमा उतरतांनाच हें विचारून घ्यावें.

बंधु-भगिनींनो, मीं आज संपत्ति वाढविण्याची युक्ति सांगितली नाहीं. ती मला ठाऊकही नाहीं. महिन्याची एक संध्याकाळ, एक साधी वही, उसन्याची चार ओळींची चिठी, वाचून केलेली सही आणि कपाटांतलें एक पान, एवढेंच काय तें सांगितलें. या पांचांना मिळून दोनशें रुपयेही लागत नाहींत. लागतें तें थोडें धैर्य. आपल्या माणसासमोर बसून पैशाचा शब्द उच्चारण्याचें धैर्य. माझ्या पत्नीचा तो प्रश्न, आणि माझ्या मित्राचीं तीं सहा वर्षें, एवढ्याशा धैर्याच्या अभावीं मीं ओढवून घेतलीं. आपण घेऊं नयेत, एवढ्यासाठींच हा प्रपंच.

आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत विचारून तर पाहा, 'आपण कोणाला जामीन आहों काय?' उत्तर काय येतें तें ऐकून घ्या, आणि रागावूं नका.